घर फोडलंय आणि दिवाळी आलीये

मंडळी, ऑक्टोबर लागला की या पानाकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकदम बदलतो. जूनमध्ये लोक विचारतात कुठली टाइल घेऊ, ओट्याला ग्रॅनाइट काळा की हिरवा, आणि ऑक्टोबरमध्ये तेच लोक लिहितात ताई काहीतरी करा हो, घरात पाय ठेवायला जागा नाहीये. बहुतेक सगळ्या पत्रांत एक वाक्य सेम असतं, 'दिवाळीच्या आत करून देतो म्हणाले होते.' यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे म्हणजे दसऱ्यानंतर फक्त १९ दिवस, तर त्याच्या आधी जेवढी उत्तरं देता येतील तेवढी देऊन टाकते.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही डोंबिवलीत राहतो, वन बीएचके, बिल्डिंग साधारण २५ वर्षांची. किचन करायचं दोन वर्षं चाललं होतं. गणपती झाले की सुरू करू असं ठरलं, मग पितृपक्ष लागला, सासूबाई म्हणाल्या या पंधरा दिवसांत नको, म्हणून घटस्थापना झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ओटा फोडला. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता १५ दिवसांत किचन हातात देतो. आज दसरा झाला, भिंतीत पाइपसाठी खाचा मारून ठेवल्यात आणि दोन दिवस कोणी आलेलंच नाही. गॅस हॉलमध्ये, फ्रीज हॉलमध्ये, धान्याचे डबे बेडखाली, आणि सगळ्यावर सिमेंटची पूड. नणंद भाऊबीजेला येणार, फराळ कुठे करू? तो माणूस रोज फोनवर 'होऊन जाईल दिवाळीच्या आत' म्हणतो. जरा जोर लावला तर होईल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही होणार. आणि तुमच्या जोर लावण्यामुळे झालंच तर मला त्याची जास्त काळजी वाटेल, ती कशी ते सांगते.

तुमच्या किचनमध्ये अजून काय काय बाकी आहे ते मोजा. खाचांमध्ये पाइप आणि वायरचे पाइप टाकायचे, पाण्याचं प्रेशर बघायचं, मग खाचा बुजवून प्लास्टर. प्लास्टरला कमीत कमी ७ दिवस पाणी मारावं लागतं, हल्ली दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसी सिमेंट असतं, ते थोडं सावकाश ताकद धरतं त्यामुळे १० दिवस मारलं तर उत्तम. मग टाइल, मग ओटा, मग सिंक, आणि ट्रॉलीवाला माप घ्यायला येतो तो हे सगळं झाल्यावर, कारण ओटा अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर ट्रॉली बसत नाही. माप घेतल्यावर ट्रॉल्या बनून यायला दोन-तीन आठवडे. आता हे सगळं १९ दिवसांत बसवायला सांगितलं तर तो बसवेल हो, का नाही बसवणार, ओल्या प्लास्टरवर टाइल चिकटवेल आणि मार्चमध्ये तुम्ही बोटाने टकटक करून बघाल तर निम्म्या टाइल पोकळ वाजतील.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसं. कॉन्ट्रॅक्टरला तारीख विचारून उपयोग नाही, त्याच्याकडे काम करणाऱ्या मिस्त्रीला आणि सुताराला विचारा, 'भय्या, तिकीट कब का है?' राजस्थानकडचे सुतार दिवाळीला घरी जातात, बिहार-पूर्वांचलची माणसं छठला, जी यंदा १५ नोव्हेंबरला आहे, आणि हे तिकीट दोन महिने आधी काढलेलं असतं कारण रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं आणि त्या दिवसांचं काही मिनिटांत संपतं. तुमचा कॉन्ट्रॅक्टर तुम्हाला 'होऊन जाईल' म्हणत होता तेव्हाही त्याच्या माणसाच्या खिशात तिकीट होतं. आमचं पुण्याचं घर केलं तेव्हा मला हे कळलं नव्हतं. धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी सुतार गेला, कपाटांना दारं नाहीत, सगळ्या साड्या लोकांना दिसतायत, मी फोनवर इतकी चिडले आणि तो शांतपणे म्हणाला मॅडम, साल में एक बार घर जाता हूँ. मी गप्प बसले. तो परत आला तेव्हा तुळशीची लग्नं उरकली होती आणि दारं लागली डिसेंबरात.

तर आता त्याच्याकडे पूर्ण किचन मागू नका, चार गोष्टी मागा आणि त्यांची तारीख ५ नोव्हेंबर ठेवा. एक चालू नळ, वाहतं ड्रेनेज, एक दिवा आणि मिक्सर-फ्रीजसाठी धड प्लग पॉइंट. टाइल दिवाळीनंतर. ओट्याचा ग्रॅनाइट पण नंतरच, तोपर्यंत जुना कडप्पा किंवा प्लायचा तुकडा दोन भक्कम घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, टाकून घ्या. पाइप गॅस असेल तर तो सरकवायला गॅस कंपनीचाच अधिकृत माणूस बोलवा, प्लंबर 'मैं कर देता हूँ' म्हणेल, त्याला हात लावू देऊ नका.

फराळाचं म्हणाल तर यंदा कढई चढवू नका. हॉलमध्ये सोफ्याशेजारी, पायात वायरी आणि प्लास्टिकचे कागद, तिथे चकली-शेव तळणं मला पटत नाही. चकली, करंजी, अनारसे बाहेरून आणा, जवळच्या बचत गटाच्या बायका छान करतात आणि त्यांना ऑर्डर आत्ताच द्या, वसुबारसेला विचारायला गेलात तर नाही म्हणतील. घरी पातळ पोह्यांचा चिवडा आणि बेसनाचे लाडू, दोन्हीला तळण नाही, एका शेगडीवर होतात आणि बेसन भाजल्याचा वास आला की सासूबाईंनाही दिवाळी आल्यासारखं वाटेल. नणंदेला आधीच फोन करून सांगा घर असं असं आहे म्हणून. ती तुमच्या ओट्याला ओवाळायला येणार नाहीये, भावाला ओवाळायला येणार आहे.

धान्याबद्दल एक, उघड्या डब्यात सिमेंट पडलेलं पीठ चाळून वापरू नका, टाकून द्या. आणि घर झाडूने झाडू नका, धूळ वर उडते आणि पुन्हा खाली बसते, ओल्या फडक्याने पुसा. किचनच्या दाराला ओली चादर लावा, दिवसातून दोनदा पाणी मारा तिच्यावर. कटर चालवायचा असेल तर पाणी सोडून चालवायला लावा, कोरडी टाइल कापली की जी पांढरी धूळ उडते ना ती फुप्फुसाला फार वाईट, आणि थंडी सुरू झाली की सकाळी हवा हलत नाही, ती धूळ तासन् तास तिथेच तरंगत राहते.

कॉन्ट्रॅक्टरचे पैसे अडवून ठेवायचे तर जरूर ठेवा, शेवटचे दहा टक्के मी तर ट्रॉली उघडबंद करून बघितल्याशिवाय देत नाही. पण गावी जाणाऱ्या मिस्त्रीची मजुरी निघाली की नाही एवढं मात्र विचारा, आणि दिवाळीचे म्हणून पाचशे रुपये आणि मिठाईचा बॉक्स त्याच्या हातात द्या, कॉन्ट्रॅक्टरच्या नाही.

प्रश्न : पनवेलला आमचा तळमजल्याच्या वरचा फ्लॅट आहे. पेंटर म्हणतो चार दिवसांत पूर्ण घर रंगवून देतो दिवाळीच्या आधी. पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओली असते पण आता हाताला कोरडी लागते. दिवाळीला रंग नको का? घरात सगळे म्हणतात दिवाळीला रंग लावायची आपली पद्धतच आहे. (एक वाचक)

उत्तर : पद्धत आहे खरी पण ती चुन्याची आहे. पूर्वी पावसाळा संपला की घराला चुना मारायचे. चुन्यातून भिंत श्वास घेते, आतली ओल हळूहळू बाहेर पडते, वर्षभरात थोडा उडाला तर पुढच्या दिवाळीला परत हात मारायचा, स्वस्त काम. तुम्ही लावणार प्लास्टिक इमल्शन. चार महिने कोकणचा पाऊस प्यायलेली भिंत, त्यावर तुम्ही एक पातळ प्लास्टिकचा कागदच चिकटवताय असं समजा. पाणी आतून बाहेर यायला बघणार, रंग अडवणार, आणि फेब्रुवारीत भिंतीवर फुगे, मग पापुद्रे, मागे पांढरी पांढरी क्षाराची पूड.

हाताला कोरडी लागते यावर जाऊ नका. साधारण एक फूट बाय एक फूट जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही बाजूंनी सेलोटेपने त्या भिंतीला घट्ट चिकटवा आणि २४ तास तसाच ठेवा. काढल्यावर आतून थेंब दिसले किंवा भिंत गडद झालेली दिसली तर रंग नाही. पाऊस परत जातो साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, त्यानंतर भिंत वाळायला वेळ नको का द्यायला. आपल्याकडे रंगकामाला खरा चांगला काळ म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, हवा कोरडी, पेंटर मोकळे, आणि भावही जरा कमी होतो कारण दिवाळीची गर्दी सरलेली असते. आणि तुमचा पेंटर चार दिवसांत काय करणार आहे? जुना रंग घासणं, लांबी म्हणजे पुट्टी, घासणं, परत लांबी, परत घासणं, प्रायमर, दोन हात. प्रत्येक थर वाळायला हवा. चार दिवसांत तो लांबी एकदाच मारणार आणि बाकी तुमच्या ट्यूबलाइटच्या उजेडात झाकणार.

फारच वाटत असेल तर दिवाळीसाठी दाराची चौकट आणि हॉलची एक आतली भिंत, जी बाहेरच्या बाजूची नाही, तेवढी करून घ्या. बाकी घराला तोरण लावा.

प्रश्न : ताई, मी नाशिकहून लिहितेय. आमच्या घरात एकच बाथरूम. खालच्यांच्या छताला गळतंय, त्यांनी सोसायटीत तक्रार केलीये, म्हणून बाथरूम पूर्ण फोडून करावं लागणार. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. इथली थंडी तुम्हाला माहितीये, डिसेंबरात पारा एक आकड्यावर येतो. प्लंबर म्हणतो गरम पाण्यासाठी गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवू, पाइप वाचतो. मधल्या दिवसांत बादलीत हीटरचा रॉड टाकून पाणी तापवू असं मिस्टर म्हणतात. आणि किती दिवस लागतील? आम्ही ऐकलंय आठ दिवसांत होतं.

उत्तर : गॅस गिझर बाथरूमच्या आत नाही म्हणजे नाही. पाइप वाचतो म्हणे! मी हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. गॅस जळायला हवा लागते, बंद बाथरूममध्ये ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. थंडीत आपण खिडकी घट्ट लावतो, कडी लावतो आणि जास्त वेळ गरम पाण्याखाली उभं राहतो. माणसाला आधी गरगरतं, मग पायातली ताकद जाते आणि कडी काढायलाही हात उठत नाही. दर हिवाळ्यात पेपरात अशी बातमी असते. गिझर बाहेर मोकळ्या गॅलरीत बसवा आणि गरम पाण्याचा पाइप आत घ्या. तेवढी जागा नसेल तर सरळ विजेचा घ्या, १५ लिटरचा साठवणीचा गिझर साधारण २ किलोवॅटचा असतो, त्याला वेगळी लाइन, ४ एमएमची वायर, स्वतःचा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि मेन बोर्डाला ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). भिंत फोडलेलीच आहे तर हे आत्ताच करून घ्या, टाइल लागल्यावर कोणी करत नाही.

रॉडचं, मिस्टरांना सांगा काम चालू असलेल्या घरात ओल्या फरशीवर, लोंबकळत्या एक्स्टेंशन बोर्डावर तो रॉड नको. पाणी गॅसवर तापवा, पातेलं अर्धंच भरा म्हणजे उचलताना सांडणार नाही. आणि तरीही रॉड वापरणारच असाल, कारण मला माहितीये लोक वापरतातच, तर पाण्यात हात घालायच्या आधी प्लग भिंतीतून काढायचा. बटण बंद केलं म्हणजे झालं असं नाही, प्लग हातात दिसला पाहिजे.

आता दिवस. आठ दिवसांत होतं ते बाथरूम परत गळतं. जुनं फोडणं आणि डेब्रिज म्हणजे राडारोडा खाली नेणं यात दोन-तीन दिवस जातात. मग पाइप. मग वॉटरप्रूफिंग, आणि ते झाल्यावर नहाणीचा जाळीचा ट्रॅप बंद करून तीन-चार इंच पाणी भरून ठेवायचं, कमीत कमी ४८ तास. पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलने खूण करा आणि खालच्यांच्या घरी जाऊन स्वतः छत बघून या, चहा पण होईल आणि तक्रारीचा सूर पण खाली येईल. कॉन्ट्रॅक्टर इथे घाई करतो कारण त्या दोन दिवसांत त्याची माणसं रिकामी बसतात. पण सगळ्या कामात हे दोनच दिवस असे आहेत की जे चुकले तर सगळं परत फोडावं लागतं. त्यानंतर कोबा, ढाळ बघायचा, टाइल, ग्राउटिंग, नळ, कमोड. नाशिकच्या डिसेंबरात सिमेंट सावकाश धरतं, मुंबईवाल्याने सांगितलेल्या दिवसांत दोन-चार मिळवा. मी तरी १८ ते २० दिवस धरीन.

इतके दिवस ७४ वर्षांच्या बाईंनी पहाटे शेजारच्यांच्या बाथरूमला जायचं का? गळती नसती तर मी तुम्हाला म्हटलं असतं संक्रांत होऊ द्या, फेब्रुवारीच्या शेवटी करा. पण गळतंय, थांबता येत नाही, म्हणून सासूबाईंना तुमच्या नणंदेकडे तीन आठवडे पाठवा, त्यांनाही लेकीकडे राहायला आवडेल (आणि तुम्हालाही जरा बरं वाटेल, हे मी लिहिलं नाही, तुम्ही वाचलं नाही). त्या परत यायच्या आधी कमोडजवळ आणि शॉवरजवळ हाताला धरायला स्टीलचे बार बसवून घ्या, खाली खरखरीत टाइल, आणि दाराचा उंबरा शक्य तितका बुटका.

प्रश्न : काम आमच्याकडे नाहीये, वरच्या फ्लॅटमध्ये आहे. दीड महिना झाला, ड्रिल आणि हातोडा. मुलगी बारावीला आहे, जानेवारीत प्रिलिम. सोसायटीत बोललं तर म्हणतात परवानगी दिलीये. आम्ही काय करायचं? (एक त्रस्त वाचक, ठाणे)

उत्तर : तुमची बाजू कोणी मांडत नाही म्हणून हे पत्र मुद्दाम घेतलं. सोसायटीची परवानगी आहे म्हणजे दिवसभर कधीही ठोका असं नाही. रात्री १० ते सकाळी ६ हा कायद्याने शांततेचा वेळ, आणि दुपारी २ ते ४ बंद हा नियम बहुतेक सोसायट्यांत असतो, तुमच्याकडे आहे का ते सेक्रेटरीला विचारा. पण खरं सांगू का, भांडायला वर जाऊ नका, वेळापत्रक मागायला जा. घरकामात कान फाटणारं काम म्हणजे फोडणं आणि खाचा मारणं, ते मोजके दिवस असतं, बाकी ठुकठुक. त्यांना म्हणावं फोडायचे दिवस आधी सांगा, त्या दिवशी मुलगी लायब्ररीत बसेल, आणि संध्याकाळी ६ नंतर एकही ठोका नको. माणसं सहसा ऐकतात, तारीख विचारली की त्यांनाही कळतं की खाली कोणी राहतं.

दीड महिना तोडफोडच चालू असेल तर मात्र मला शंका येते. पिलर किंवा बीमला हात लावलाय का हे सोसायटीने इंजिनिअर पाठवून बघून घ्यावं, हे भांडण नाही, सगळ्या बिल्डिंगचा प्रश्न आहे. आणि त्यांच्या डेब्रिजच्या गोण्या जिन्यात किंवा गेटजवळ पडल्या असतील तर त्या उचलायची जबाबदारी ज्याचं काम त्याची, नेहमीच्या कचऱ्यात त्या टाकता येत नाहीत. मुंबई महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, तुमच्या ठाण्यात काय सोय आहे ते प्रभाग कार्यालयात विचारा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. आई-बाबा ठाण्याला, दोघंही सत्तरी पार. त्यांचा टू बीएचके आम्ही करून देतोय, पूर्ण फ्लोअरिंग, दोन बाथरूम, वॉर्डरोब, रंग. आम्ही मुलांना घेऊन २० डिसेंबरला तीन आठवड्यांसाठी येतोय, ख्रिसमसची सुट्टी आहे. काम १६ नोव्हेंबरला सुरू होईल, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ३० दिवस पुरेत. तुमचं मत?

उत्तर : आई-बाबांना विचारलंय का? तुमच्या पत्रात बजेट आहे, टाइलचा साइझ आहे, त्या दोघांचं म्हणणं मात्र मला कुठे दिसलं नाही. सत्तरीतल्या माणसांना राहत्या घरात पूर्ण फ्लोअरिंग म्हणजे रोज पलंग या खोलीतून त्या खोलीत, औषधांची पिशवी कुठे ठेवली आठवत नाही, आणि ओल्या फरशीवर फळी टाकून संडासला जायचं. माझ्या ओळखीत एका घरी असंच झालं, काका फळीवरून घसरले, मनगट मोडलं, आणि नव्या फरशीवर पहिला पाय ठेवला तो प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून.

आणि तुमचे ३० दिवस ३० नाहीयेत. १५ नोव्हेंबरला छठ, माणसं त्यानंतर चार-आठ दिवसांनी परतणार, म्हणजे काम नीट सुरू होणार २३-२४ला. उरतात २६ दिवस. त्यात दोन बाथरूमचं पाणी भरून बघणं, फरशी, वॉर्डरोब, रंग. तुम्ही विमानतळावरून मुलांना घेऊन पहाटे तीनला याल तेव्हा घरात पॉलिशचा वास आणि हॉलमध्ये सुताराचं टेबल असेल हे मी आज लिहून देते.

मी काय करीन सांगू, आत्ता फक्त त्यांच्या बेडरूमचं बाथरूम करीन. दुसरं चालू राहील, त्यांची अडचण होणार नाही, आणि त्यांच्या खऱ्या गरजेचं काम तेच आहे. न घसरणारी टाइल, धरायला बार, बसून आंघोळ करता येईल अशी जागा, रात्री पायाशी मंद दिवा. बाकीचं तुम्ही आलात की आईला घेऊन दुकानात जा, टाइल तिला हाताने बघू दे, फोटोवर ठरवू नका, मोबाइलवर सगळ्याच टाइल सुंदर दिसतात. टाइल घेताना मापापेक्षा दहा टक्के जास्त आणि सगळे बॉक्स एकाच बॅचचे, कमी पडल्यावर परत तोच शेड मिळत नाही. आणि मोठं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेवढे दोन महिने त्यांना जवळच भाड्याने घर घेऊन द्या, पैसे जास्त जातील पण पाचपैकी चार भांडणं वाचतील.

लांबून काम करून घेताना एक गोष्ट विसरू नका. भिंत बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो, शेजारी मेजर टेप उलगडून धरलेला दिसेल असा. पाइप जमिनीपासून किती उंचीवर, कोपऱ्यापासून किती आत. पाच वर्षांनी कोणीतरी आरसा टांगायला ड्रिल मारणार आहे तेव्हा हा फोटो लागतो. पैसेही फोटोवर सोडा, फोडून झालं त्याचे, पाइप झाले त्याचे, पाणी भरून ४८ तास झाले त्याचे. सगळे एकदम पाठवले की तुमच्या कॉन्ट्रॅक्टरचं नेटवर्क जातं, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : काकू, मी सहावीत आहे. आमच्या घराचं काम चाललंय आणि खाली खूप वाळू आणि विटांचे तुकडे पडलेत. मिस्त्रीकाका म्हणाले घे. त्याचा किल्ला केला तर चालेल का? आई नको म्हणते.

उत्तर : अरे वा, चालेल की. आईला सांग काकूने हो म्हटलंय. विटांच्या तुकड्यांवर बुरूज झकास उभे राहतात, वर गोणपाट आणि त्यावर माती थाप, अळीव पेरायचा असेल तर पाच-सहा दिवस आधी पेर. फक्त सिमेंट घ्यायचं नाही, ओलं तर अजिबात नाही, त्याने हाताची कातडी जळते, लगेच कळत नाही आणि रात्री आग होते. वाळूत सिमेंट कालवलेलं असेल तर ती करडी दिसते, ती सोड. खिळे आणि टाइलचे धारदार तुकडे पण असतात, बूट घालून वेच. महाराज सिंहासनावर बसवले की फोटो पाठव.

प्रश्न : आमच्या घरात फक्त एक बेडरूम धड आहे, बाकी सगळीकडे काम. देव सध्या कपाटात बसवलेत, देवघर सुताराकडे. लक्ष्मीपूजन कुठे करू? आणि यंदा नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आहे, त्यात आमचं बाथरूमही अर्धवट. इतक्या धुळीत लक्ष्मी येईल का असं मनात येतं. (एक वाचक, सांगली)

उत्तर : पहाटेचं अभ्यंग गच्चीत करा, किंवा गॅलरीत, किंवा शेजारी. आमच्या लहानपणी वाड्यात मागच्या अंगणात बंबाचं पाणी काढून अंगाला उटणं लावून उघड्यावर कुडकुडत आंघोळ व्हायची, त्यासाठी टाइल नव्हती कुठे. कारीट मात्र फोडा, तेवढं चालतं अर्धवट बाथरूमच्या दारातही.

पूजा त्या बेडरूममध्येच करा. पलंग भिंतीला सरकवा, पाट मांडा, चार बोटं रांगोळी, देव कपाटातून काढून पाटावर, झालं. दारात पणती ठेवाल तेव्हा आजूबाजूला थिनरचा डबा किंवा पॉलिशचं फडकं नाही ना तेवढं बघा, ते भपकन पेटतं, आणि प्लायच्या तुकड्यांच्या ढिगाजवळही पणती नको.

आणि धुळीचं काय घेऊन बसलात, लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणून तिलाच हळदकुंकू वाहतो ना. यंदा दोन आणा. एक पाटावर ठेवा, दुसरीवर पेनाने 'मिस्त्री' लिहून दाराबाहेर लटकवा, नाहीतर पूजेचीच केरसुणी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सिमेंटात सापडेल, आमच्याकडे सापडली होती.